अत्यवस्थ बालकें आणि वैद्य-संशोधकांची घडण

घरांतील मूल आजारी पडलें म्हणजे आपण डॉक्टरांकडून सर्वांत आधीं कशाची अपेक्षा करितों? धीराची आणि खात्रीची. "काळजीचें कारण नाहीं," एवढे शब्द कानीं पडले कीं जीव भांड्यांत पडतो. मुलाला धाप लागली आहे, हातपाय गार पडत चालले आहेत, अशा वेळीं समोरच्या डॉक्टरानें "हा उपाय गुणकारी आहे कीं नाहीं, हें अजून कोणासच नक्की ठाऊक नाहीं," असें म्हटलेलें कोणत्या आईबापांस रुचेल? तथापि वैद्यकाच्या गेल्या पाऊणशें वर्षांच्या इतिहासाकडे पाहिलें असतां असें आढळून येतें कीं, अत्यवस्थ मुलांचे प्राण वांचविणारे मोठाले शोध अशाच कबुलींतून निघालेले आहेत.

रोग्याच्या उशाशीं उभा राहणारा वैद्य आणि प्रयोगशाळेंत बसून कारणें शोधणारा शास्त्रज्ञ हीं सामान्यतः दोन निराळीं माणसें असतात. हे दोन्ही धर्म एकाच व्यक्तींत एकवटले म्हणजे तिला वैद्य-संशोधक म्हणतां येईल. लहान मुलांच्या अतिदक्षता विभागांत, जेथें घटकेघटकेला जीवनमरणाचा निर्णय घ्यावा लागतो, तेथें अशा व्यक्तींची गरज फार आहे आणि त्यांची संख्या मात्र तुटपुंजी आहे. अशीं माणसें तयार कशीं होतात व तीं दुर्मिळ कां, हें सुशिक्षित कुटुंबांनीं समजून घेण्यासारखें आहे. कारण ह्या शिक्षणाचा भार विद्यापीठांवर पडतो तितकाच तो घरांवरही पडतो.

अतिदक्षता विभाग ही संस्था फार जुनी नाहीं. १९५२ सालच्या उन्हाळ्यांत डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथें पोलिओची भयंकर सांथ आली. ज्यांचे श्वसनाचे स्नायू लुळे पडले अशा पहिल्या ३१ रोग्यांपैकीं २७ दगावले. ब्लेगडाम रुग्णालयापाशीं श्वासोच्छ्वास चालविणारीं यंत्रें मोजकींच होतीं, आणि त्यांचाही फारसा उपयोग होत नव्हता. रोग्यांच्या रक्तांत बायकार्बोनेट वाढलेलें आढळे. हा रोगाचाच कांहीं गूढ परिणाम असावा, अशी तेथील वैद्यांची समजूत होती. अखेर ब्योर्न इब्सेन नांवाच्या, शस्त्रक्रियेच्या वेळीं भूल देणाऱ्या एका डॉक्टरास बोलावण्यांत आलें. बोस्टन येथें ह्या शास्त्राचें शिक्षण घेऊन ते परतले होते. त्यांनीं तोच आंकडा पाहिला आणि निराळाच अर्थ लावला: रोग्याचा श्वास अपुरा पडतो, कार्बनवायु बाहेर न जातां रक्तांत सांचतो, आणि त्यानेंच रोगी मरतो.

२७ ऑगस्ट रोजीं एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेंत नळी बसवून, रबरी पिशवी हातानें दाबून त्यांनीं तिचा श्वास चालविला, आणि मृत्यूच्या दारांतून ती परत आली. पुढें सुमारें दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीनें रोग्यांच्या खाटांशीं बसून रात्रंदिवस पिशव्या दाबीत राहिले. मृत्यूंचें प्रमाण झपाट्यानें निम्म्याहूनही खालीं आलें. पुढच्याच वर्षीं इब्सेन ह्यांनीं त्याच शहरांत अत्यवस्थ रोग्यांसाठीं स्वतंत्र विभाग उघडला, आणि १९५५ सालीं स्वीडनमधील गोथेनबर्ग येथें केवळ मुलांसाठीं तसा विभाग निघाला.

ह्या हकीकतींतील मर्म असें कीं, रक्ततपासणीचा आंकडा सर्वांच्याच डोळ्यांसमोर होता. परंतु हाताला रोज श्वास चालविण्याचा सराव आणि डोक्यांत शरीरक्रियाशास्त्राचा अभ्यास, असें दुहेरी शिक्षण ज्याचें झालें होतें, त्यालाच त्या आंकड्याचा खरा अर्थ उमगला.

दुसरें उदाहरण अपुऱ्या दिवसांच्या बालकांचें आहे. जन्मल्यावर थोड्याच वेळांत अशा कित्येक बालकांस धाप लागे, फासळ्या आंत ओढल्या जात, आणि दोनतीन दिवसांत खेळ आटोपे. मृत्यूनंतर त्यांच्या फुप्फुसांत कांचेसारखा पापुद्रा आढळे; म्हणून तो पापुद्राच रोगाचें मूळ होय, असें धरून चालण्याचा प्रघात होता. मेरी एलन एव्हरी ह्या तरुण डॉक्टरीण बाईंनीं १९५२ सालीं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची पदवी घेतली, आणि लगेच त्यांना स्वतःलाच क्षयानें गांठलें. त्या सक्तीच्या विश्रांतींत फुप्फुसांविषयींचें त्यांचें कुतूहल बळावलें. बऱ्या होऊन बालरोगांचें शिक्षण पुरें केल्यावर त्या बोस्टन येथें जेरे मीड ह्या शरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेंत शिष्य म्हणून राहिल्या. रोजच्या व्यवहाराच्या दृष्टीनें पाहतां ही केवढी उलटी चाल! शिकून तयार झालेली डॉक्टर रोगी सोडून बुडबुडे मोजीत बसते, असेंच कोणीही म्हटलें असतें.

पण त्या बुडबुड्यांतच कोडें दडलें होतें. साबणाच्या पाण्याचा फेस टिकतो, साध्या पाण्याचा टिकत नाहीं, हें आपण रोज पाहतों. निरोगी फुप्फुसांत असाच पृष्ठताण कमी करणारा एक स्निग्ध पदार्थ असतो, म्हणून श्वास सोडल्यावर त्यांतील सूक्ष्म पिशव्या मिटून जात नाहींत. जॉन क्लेमंट्स ह्यांनीं हा ताण मोजण्याची रीत नुकतीच बसविली होती. एव्हरीबाईंनीं ती त्यांच्याकडून समजून घेतली, आणि ह्या रोगानें मेलेल्या बालकांच्या फुप्फुसांत तो पदार्थ फारच कमी असतो असें दाखविलें. पापुद्रा हें कारण नसून परिणाम होता. हा निबंध १९५९ सालीं प्रसिद्ध झाला.

कारण कळलें, परंतु उपाय तेवढ्यानें हातीं येत नाहीं. १९६२ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी ह्यांनीं बालकांच्या आरोग्यासाठीं राष्ट्रीय संशोधनसंस्था स्थापण्याच्या कायद्यावर सही केली. पुढच्याच वर्षीं, ऑगस्ट १९६३ मध्यें, त्यांचा नवजात मुलगा पॅट्रिक ह्याच रोगानें दोन दिवसांत गेला. सत्ता, संपत्ति आणि देशांतील उत्तमोत्तम वैद्य हाताशीं असूनही त्यांचें कांहीं चाललें नाहीं. कारण जें ज्ञान अजून निर्माणच झालें नव्हतें, तें विकत तरी कोठून मिळणार? वाफाऱ्यानें तो पदार्थ देण्याचे आरंभींचे प्रयत्न फसले. १९८० सालीं जपानांत तेत्सुरो फुजिवारा ह्यांनीं गुरांच्या फुप्फुसांपासून बनविलेला पदार्थ दहा बालकांच्या श्वासनलिकेंत सोडून गुण आल्याचें प्रसिद्ध केलें, आणि १९९० सालीं अमेरिकेंत अशा औषधास मान्यता मिळाली. मूळ शोधापासून औषधापर्यंत एकतीस वर्षें गेलीं. एका पिढीनें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर दुसऱ्या पिढीनें पुरें केलें. म्हणून अशा कामीं शिष्यपरंपरा खंडित होऊन चालत नाहीं.

तिसरें उदाहरण मन अस्वस्थ करणारें आहे. तापानें फणफणलेलें, हातपाय गार पडलेलें मूल रुग्णालयांत आलें कीं त्याच्या शिरेंतून द्रव वेगानें सोडावा, असा नियम जगभर शिकविला जात असे. नियम तर्कशुद्ध होता, आणि मोठमोठ्या रुग्णालयांतील अनुभवही त्यास अनुकूल वाटे. केनियांतील किलिफी येथें काम करणाऱ्या बालरोगतज्ज्ञ कॅथरिन मेटलंड आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं तो कसोटीस लावला. केनिया, युगांडा व टांझानिया ह्या देशांतील ३,१४१ मुलांचा त्यांत समावेश झाला. कोणत्या मुलास कोणता उपचार द्यावयाचा, हें चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें ठरविण्यांत आलें. डॉक्टरांच्या मर्जीवर सोडलें असतें तर अधिक आजारी मुलें एका बाजूस गेलीं असतीं आणि तुलनेस अर्थ उरला नसता. दोन गटांस वेगानें द्रव दिला; तिसऱ्यास बाकी सर्व उपचार तेच, मात्र द्रवाचा असा मारा केला नाहीं.

वेगानें द्रव दिल्यास मृत्यु घटतील, अशीच अपेक्षा होती. घडलें उलट. देखरेख करणाऱ्या समितीनें प्रयोग मुदतीपूर्वींच थांबविला. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें पहिल्या ४८ तासांत द्रव घेतलेल्या गटांत शंभरामागें साडेदहा मुलें दगावलीं, न घेतलेल्या गटांत सातांहून किंचित् अधिक. म्हणजे ज्या कृतीस आपण उपकार समजत होतों, तीच शंभरांतील तिघांच्या मुळावर येत होती. येथें एक खुलासा आवश्यक आहे. जुलाबानें कोरड्या पडलेल्या मुलांचा ह्या प्रयोगांत समावेश नव्हता. त्यांना द्रव देणें हेंच जीवदान होय. शिवाय हा प्रयोग जेथें कृत्रिम श्वासाचीं यंत्रें नाहींत अशा रुग्णालयांतला होता. तथापि केवळ सद्हेतु आणि अनुभव ह्यांवर विसंबणें किती घातक होऊं शकतें, हें त्यानें कायमचें दाखवून दिलें.

तात्पर्य, स्वतःच्याच उपचारावर शंका घेणें ही एक कला आहे आणि ती शिकावी लागते. खाटेजवळ निर्णयाला विलंब लावतां येत नाहीं. तेथें निःशंकपणें हात चालला पाहिजे. संशोधनांत मात्र पदोपदीं थांबून विचारावें लागतें. हे दोन परस्परविरुद्ध स्वभाव एका मनांत नांदविणें हेंच वैद्य-संशोधकाच्या शिक्षणाचें खरें प्रयोजन.

हें शिक्षण होतें कसें? आपल्याकडे एम्. बी. बी. एस्. चीं साडेपांच वर्षें, नंतर बालरोगशास्त्रांत एम्. डी. चीं तीन, आणि त्यापुढें अतिदक्षतेच्या विशेष पदवीचीं तीन, अशी वाट आहे. अमेरिकेंत कॉलेजपासून मोजलें तर चौदा वर्षें लागतात. इतकें झाल्यावर माणूस निष्णात वैद्य होतो. संशोधक म्हणून तो तेव्हां कोठें धुळाक्षरें गिरवूं लागतो. प्रश्न नेमका कसा मांडावा, किती रोगी पाहिले म्हणजे निष्कर्ष भरंवशाचा होतो, आंकड्यांतील योगायोग कसा ओळखावा, संकटांत सांपडलेल्या आईबापांची संमति सचोटीनें कशी घ्यावी, ह्या गोष्टी वैद्यकीच्या धांवपळींत शिकतां येत नाहींत. त्यासाठीं आणखी निदान चारपांच वर्षें एकाद्या मुरलेल्या गुरूच्या हाताखालीं काढावीं लागतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थांनीं १९६४ पासून वैद्यक आणि शास्त्रीय संशोधन ह्या दोहोंच्या पदव्या जोडीनें देणाऱ्या अभ्यासक्रमांस साहाय्य देण्यास आरंभ केला. तरीही १९७९ सालीं जेम्स विनगार्डन ह्यांनीं इशारा दिला कीं, वैद्य-संशोधक ही जातच नामशेष होण्याच्या पंथास लागली आहे. अतिदक्षतेच्या क्षेत्रांत तर अडचणी विशेषच. रात्रपाळीहून आलेला माणूस सकाळीं प्रयोगशाळेंत ताज्या बुद्धीनें कसा बसणार? रोगी पाहिल्यानें रुग्णालयास उत्पन्न होतें. विचार करीत बसलेल्या डॉक्टरापासून ताबडतोब कांहींच मिळत नाहीं. म्हणून प्रत्येक विभागप्रमुखाचा कल त्यास पुन्हां पाळीवर ओढण्याकडे असतो.

ह्यावर जो उपाय निघाला, तो दिसावयास साधा आहे: वेळ राखून देणें. वर सांगितलेल्या बालआरोग्य संस्थेनें ह्या शतकाच्या आरंभीं युटा विद्यापीठाच्या द्वारां बालअतिदक्षतेंतील होतकरू संशोधकांसाठीं एक राष्ट्रीय योजना चालविली. निवडलेल्या तरुण डॉक्टरांच्या वेळेचे चार भाग केले तर त्यांतील तीन भाग संशोधनासाठींच राखून ठेवण्याचें त्यांच्या रुग्णालयानें लेखी मान्य करावें, पगाराचा भार योजनेनें उचलावा, आणि प्रत्येकास अनुभवी मार्गदर्शक असावा, अशी तिची घडण होती. पैशापेक्षां ह्या अटीचें मोल अधिक. कारण तरुण डॉक्टरास स्वतःच्या तोंडानें "आज मी पाळीस येणार नाहीं" असें वरिष्ठांस सांगणें कठीण जातें. तें करारानेंच सांगितलें म्हणजे प्रश्न मिटतो.

दुसरी अडचण संख्येची. एकेका रुग्णालयांत एकाच प्रकारचीं अत्यवस्थ मुलें वर्षाकांठीं थोडींच येतात. एकट्यादुकट्याच्या निरीक्षणावरून सिद्धान्त निघत नाहीं. म्हणून अनेक रुग्णालयांचे संघ बनविण्यांत आले. कॅनडांतील जाक लाक्रुआ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं चार देशांतील ६३७ मुलांवर केलेली पाहणी २००७ सालीं प्रसिद्ध झाली. हिमोग्लोबिन साडेनवाखालीं जातांच रक्त देण्याऐवजीं, प्रकृति स्थिर असलेल्या मुलांत तें सातांखालीं जाईपर्यंत थांबलें तरी अपाय होत नाहीं, असें तींत ठरलें. आणि थांबलेल्या गटांतील निम्म्याहून अधिक मुलांस रक्त द्यावेंच लागलें नाहीं. कांहीं न करण्याचें शहाणपण सिद्ध करण्यासाठींही किती माणसांचे किती श्रम खर्ची पडतात, हें ह्यावरून दिसेल.

हें सारें श्रीमंत देशांचेंच काम, असें मात्र कोणीं समजूं नये. बांगलादेशांतील डॉ. मोहम्मद जोबायेर चिश्ती १९९६ सालीं सिलहट येथें नवशिके डॉक्टर असतांना एकाच रात्रीं तीन मुलें त्यांच्या डोळ्यांदेखत न्युमोनियानें गेलीं. ती रात्र ते विसरले नाहींत. पुढें ऑस्ट्रेलियांत मेलबोर्न येथें शिकत असतांना श्वास सोडण्याची नळी पाण्यांत बुडवून फुप्फुसांत सौम्य दाब कायम ठेवणारें यंत्र त्यांनीं पाहिलें. तें महाग होतें. ढाक्यास परतल्यावर त्यांनीं शांपूची रिकामी बाटली, पाणी आणि साधी नळी ह्यांवर तेंच तत्त्व बसविलें. पण खरा शास्त्रज्ञ दिसतो तो ह्यापुढील पायरीवर. युक्ति साधली म्हणून तिचा डांगोरा न पिटतां त्यांनीं २२५ मुलांवर तिची रीतसर परीक्षा घेतली. २०१५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले: नुसता मंद प्राणवायु दिलेल्या गटांत शंभरांत पंधरा मुलें गेलीं, बाटलीच्या गटांत चार.

आणि येथेंही शंकेनें आपलें काम केलें. त्याच तत्त्वाच्या उपचाराची परीक्षा आफ्रिकेंतील मलावी देशांत, जेथें डॉक्टर सतत हजर नसतात अशा रुग्णालयांत घेण्यांत आली, तेव्हां उलट फळ मिळालें: ह्या उपचाराच्या गटांत शंभरांत सतरा मृत्यु, साध्या प्राणवायूच्या गटांत अकरा. हा निष्कर्ष २०१९ सालचा. उपकरण तत्त्वतः तेंच, पण त्याच्यापाशीं बसणारें शिकलेलें माणूस असणें नसणें ह्यावर मुलाचें नशीब पालटतें, असा संशय त्यावरून बळावतो.

महाराष्ट्रासही ही वृत्ति अपरिचित नाहीं. नागपूरला वैद्यक शिकलेले डॉ. अभय व डॉ. राणी बंग हें दांपत्य जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत सार्वजनिक आरोग्याचें शास्त्र शिकून परतलें आणि गडचिरोली जिल्ह्यांत राहिलें. अतिदक्षता विभाग जेथून कोसच्या कोस दूर, तेथें त्यांनीं गांवांतल्याच स्त्रियांस नवजात बालकाचा जंतुसंसर्ग ओळखावयास व त्यावर उपचार करावयास शिकविलें. त्याचबरोबर इतर गांवें तुलनेसाठीं ठेवून प्रत्येक जन्ममृत्यूची नोंद केली. तिसऱ्या वर्षीं नवजातांचे मृत्यु ६२ टक्क्यांनीं घटल्याचें त्यांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केलें. सेवा अनेकांनीं केली असेल. सेवेचें माप घेतल्यामुळें ती दुसऱ्यांनाही उचलतां आली.

आतां आपल्या घराकडे वळूं. बुद्धिमान मुलगी किंवा मुलगा डॉक्टर व्हावा, ही आपल्या कुटुंबांतील जुनी हौस. पदवी मिळतांच दवाखाना, लग्न, घर ह्यांचे हिशेब सुरू होतात. पस्तिशीला आलेली मुलगी कोठल्याशा संस्थेंत तुटपुंज्या वेतनावर "अजून शिकतेच आहे," असें पाहुण्यांस सांगतांना आईबापांस संकोच वाटतो. सासरीं तर तो अधिकच. पुष्कळ होतकरू संशोधक परीक्षेंत नव्हे, ह्या संकोचापाशीं अडखळतात. एव्हरीबाईंनीं फुप्फुसांचें कोडें उलगडलें तेव्हां त्या बत्तिशीच्या आसपास होत्या, हें अशा वेळीं आठवावें. करारानें रुग्णालय जसें वेळ राखून देतें, तसाच घरानेंही थोडा राखून द्यावयास हवा: मुलांच्या संगोपनांत हात लावून, कमाईची घाई न करून, आणि मुख्य म्हणजे "ह्याचा उपयोग काय?" हा प्रश्न पुनःपुन्हां न विचारून.

दुसरें कर्तव्य याहून कठीण आहे. कधींकाळीं आपल्याच मुलास अतिदक्षता विभागांत ठेवण्याची पाळी आली आणि एकाद्या डॉक्टरानें अभ्यासांत सामील करून घेण्याविषयीं विचारलें, तर "आमच्या मुलावर प्रयोग?" असें म्हणून एकदम संतापूं नये. पाहणीस नीतिसमितीची मान्यता आहे काय, दोन्ही उपचारांत मुलास कोणता धोका संभवतो, मध्येंच माघार घेतां येईल काय, आणि नकार दिल्यास नेहमीच्या उपचारांत कांहीं उणें पडेल काय, हें शांतपणें विचारावें. उत्तरें समाधानकारक नसतील तर नकार देण्याचा आपला हक्क पूर्ण आहे. पण तीं समाधानकारक असतील, तर हेंही ध्यानांत आणावें कीं आज आपल्या मुलास जो उपचार मिळतो आहे, तो कोणा परक्या देशांतील अनोळखी आईबापांनीं, आपल्या आयुष्यांतील अत्यंत कठीण घटकेस, होकार दिला म्हणूनच सिद्ध झालेला आहे. त्या ऋणाची फेड करण्याचा दुसरा मार्ग आपल्यापाशीं नाहीं.